मकरपुऱ्याचे बिल, पोर्टलचे उत्तर

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीतला एखादा कारखानदार ट्रान्सफॉर्मरचे सुटे भाग पुण्याला पाठवतो, तेव्हा बिल त्याच्या संगणकावर तयार झाले एवढ्याने काम भागत नाही. उलाढाल 5 कोटींच्या वर असेल तर ते बिल आधी सरकारमान्य इनव्हॉइस रजिस्ट्रेशन पोर्टलवर जाते आणि तिथून 64 अक्षरांचा आयआरएन (बिलाचा संदर्भ क्रमांक) व क्यूआर कोड घेऊन परत येते; यालाच ई-इनव्हॉइस म्हणतात. त्याशिवाय कायदा त्याला बिल मानतच नाही, आणि पुण्याच्या खरेदीदाराचे इनपुट क्रेडिटही अडचणीत येते. ही ये-जा चालवणारा प्रोग्राम कारखानदार लिहीत नाही, पोर्टलवालेही लिहून देत नाहीत. तो लिहितो अलकापुरीत नाहीतर दांडिया बाजारात दोन-चार माणसांचे ऑफिस चालवणारा सॉफ्टवेअरवाला. या तिऱ्हाईत माणसाच्या सोयीची जबाबदारी पोर्टलवर कितपत येते, हा इथला प्रश्न. दोन्ही बाजूंत वजन आहे, म्हणून आपल्या शास्त्रग्रंथांच्या रीतीने पूर्वपक्षाला आधी पूर्ण बोलू दिले आहे. उत्तरपक्ष प्रस्तुत लेखकाचा.

पूर्वपक्ष: तुमची सुरुवातच चुकीच्या माणसापासून होते आहे. पोर्टल आहे करदात्यासाठी आणि सरकारी महसुलासाठी. डेव्हलपरला त्याचा ग्राहक पैसे मोजतो. किचकट जोडणी करून देणे हाच त्याचा धंदा आहे. ऑनलाइन पेमेंटच्या कंपन्या डेव्हलपरला छान छान डॉक्युमेंटेशन देतात, कारण तो त्यांच्याकडे आला तरच त्यांची विक्री होते. इथे विकायचे काय आहे? ई-इनव्हॉइस हा कायदा आहे. कायदा पाळायला लागणाऱ्या माणसाची मनधरणी कोणी करत नाही.

उत्तरपक्ष: तुम्ही फरक अचूक सांगितलात, पण त्यातून निघणारा निष्कर्ष मला उलटा दिसतो. पेमेंट कंपनीचे डॉक्युमेंटेशन वाईट असले तर डेव्हलपर दुसरीकडे जातो आणि कंपनीला महिन्याभरात आकड्यांत ते कळते. त्याचे निघून जाणे हीच त्याची तक्रार असते. ई-इनव्हॉइसमध्ये निघून जायला जागा नाही. एरर समजला नाही म्हणून तीन रात्री जागलेला माणूस चौथ्या दिवशीही त्याच पोर्टलवर येतो, आणि पोर्टलच्या हिशेबात तो यशस्वी जोडणी म्हणून नोंदला जातो. बाजारात जी खबर आपोआप मिळते ती सक्तीच्या व्यवस्थेला मुद्दाम गोळा करावी लागते. आणि सक्ती करणाऱ्याने मार्गही करून द्यायचा असतो, हे बडोद्याला नवीन नाही. सयाजीराव गायकवाडांनी 1893 मध्ये अमरेली तालुक्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले ते मोफत ठेवून. एका तालुक्यात अनुभव घेतला आणि 1906 मध्ये सगळ्या संस्थानाला ते लागू केले. शिकलेला माणूस वाचायला काही नसले तर अक्षरे विसरतो, हे लक्षात आल्यावर 1910 मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बोलावून ग्रंथालयांची व्यवस्था उभी केली. पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरू लागल्या. सक्तीचा हुकूम एका ओळीत लिहून होतो. तो सामान्य माणसाला पाळता यावा यासाठी करावे लागणारे काम पुढे कित्येक वर्षे चालते, आणि ते हुकूम काढणाऱ्याकडेच असते.

पूर्वपक्ष: मग ते काम सरकारने इथेही केले आहे. एनआयसीचा, म्हणजे राष्ट्रीय सूचना केंद्राचा, सँडबॉक्स (सरावाचे पोर्टल) आहे, एपीआयची माहिती वेबसाइटवर उघड आहे, नमुन्याचा कोड आहे. ज्याला प्रोग्राम लिहायचाच नाही त्याच्यासाठी फुकट ऑफलाइन टूलसुद्धा आहे. शिवाय सगळ्यांवर एकदम बोजा टाकला नाही. आधी मोठे, मग मधले, मग लहान, अशा पायऱ्या केल्या. तुमच्या अमरेलीसारख्याच.

उत्तरपक्ष: मान्य, आणि त्याचे श्रेय द्यायलाच हवे. कित्येक खासगी बँकांच्या एपीआयची पानेही करार केल्याशिवाय उघडत नाहीत. त्या मानाने हे दार बरेच उघडे आहे. पण त्या पायऱ्यांवर काय घडले ते नीट पाहू. बिलाचा सुधारित आराखडा 30 जुलै 2020 रोजी अधिसूचित झाला आणि 1 ऑक्टोबरला 500 कोटींच्या वरच्या कंपन्यांना सुरुवात करायची होती. 30 सप्टेंबरला सरकारला सवलत द्यावी लागली: ऑक्टोबरमध्ये आयआरएनशिवाय निघालेली बिले 30 दिवसांत नोंदवली तर चालतील. देशातल्या सर्वांत मोठ्या, स्वतःचा आयटी विभाग बाळगणाऱ्या कंपन्यांची ही गत होती. त्यानंतर मर्यादा उतरत गेली. जानेवारी 2021 ला 100 कोटी, त्याच वर्षी एप्रिलला 50, एप्रिल 2022 ला 20, ऑक्टोबर 2022 ला 10 आणि 1 ऑगस्ट 2023 पासून 5 कोटी. प्रत्येक उतरणीवर जोडणी करणारा माणूस बदलला. 500 कोटींच्या कंपनीत तो करसल्लागाराच्या शेजारच्या टेबलावर बसतो. वाघोडिया किंवा पोरच्या 6 कोटींच्या युनिटमध्ये एक हिशेबनीस असतो, आणि आठवड्यातून एकदा येणारा सॉफ्टवेअरवाला असतो, जो त्याच दिवशी आणखी तीन ग्राहकांकडे जाणार असतो. आराखडा तोच राहिला हे योग्यच झाले, देशभर बिलाचे रूप एक असायलाच हवे. मात्र त्याबरोबर जाणारे समजावणे पहिल्या माणसाच्या मापाचे राहून चालणार नाही.

पूर्वपक्ष: हे सगळे सहानुभूतीचे बोलणे झाले. एक उदाहरण दाखवा, जिथे समजावणे कमी पडल्यामुळे खरोखर नुकसान होते.

उत्तरपक्ष: दाखवतो. मकरपुऱ्याच्या कारखान्याला पुण्याच्या कंपनीची ऑर्डर आहे. बिल पुण्याच्या नावाने, पण माल कंपनीच्या सांगण्यावरून अंकलेश्वरच्या साइटवर उतरवायचा आहे. असे व्यवहार या पट्ट्यात रोज होतात. आयजीएसटी कायद्याच्या कलम 10 प्रमाणे पुरवठ्याचे ठिकाण इथे पुणे धरायचे, म्हणजे राज्याचा कोड 27, आणि कर आयजीएसटी, म्हणजे आंतरराज्य व्यवहाराचा. हिशेबनिसाने आयजीएसटी बरोबर लावला आहे. पण सॉफ्टवेअरवाल्याने पुरवठ्याचे ठिकाण माल उतरण्याच्या पत्त्यावरून भरले, कारण साध्या मराठीत किंवा गुजरातीत विचार केला तर पुरवठा तिथेच होतो आहे. पोर्टलला दिसते ते असे: विकणारा गुजरातचा, कोड 24, पुरवठ्याचे ठिकाण 24, आणि कर मात्र आयजीएसटी. पोर्टल 2172 क्रमांकाचा एरर देते. त्याचा आशय असा की राज्यांतर्गत व्यवहाराला आयजीएसटी लागत नाही, सीजीएसटी आणि एसजीएसटीच लागतात. एरर खोटा नाही. पण तो वाचणारा माणूस काय करेल? गेटवर ट्रक भरून उभा आहे, ई-वे बिल अडले आहे, ड्रायव्हर हायवेला लागायची घाई करतो आहे. सॉफ्टवेअरवाला एररने सांगितले तेच करतो आणि कर बदलून सीजीएसटी-एसजीएसटी करतो. पोर्टल ते बिल ताबडतोब स्वीकारते, आयआरएन येतो, ट्रक निघतो. आणि आता बिल चुकीचे झाले. आधी कर बरोबर होता आणि फक्त एक रकाना चुकला होता; दुरुस्तीनंतर करच चुकला. गुजरातमध्ये भरलेला एसजीएसटी पुण्याच्या कंपनीला क्रेडिट म्हणून वापरता येत नाही. कारखान्याला पुन्हा आयजीएसटी भरायचा, चुकून भरलेल्याचा परतावा मागायचा, खरेदीदाराशी पत्रव्यवहार करायचा. याच एररमध्ये एक वाक्य जास्त असते, की तुमचे राज्य 24 आणि पुरवठ्याचे ठिकाणही 24 म्हणून हा व्यवहार राज्यांतर्गत धरला आहे, तर डोळा नेमक्या चुकलेल्या रकान्यावर गेला असता.

पूर्वपक्ष: पण हा दोष अज्ञानाचा आहे. जो माणूस कराचे सॉफ्टवेअर विकतो त्याला कलम 10 माहीत असायलाच हवे. पोर्टल म्हणजे काही जीएसटीचा क्लास नव्हे. उद्या बिल्डरने इमारतीचे नियम न वाचता नकाशा दिला तर महानगरपालिकेने त्याला शिकवायचे काय?

उत्तरपक्ष: त्याला कलम माहीत असावे, यात वाद नाही. प्रश्न असा आहे की त्याच्या अज्ञानाचा दंड कोण भरतो. दंड भरतो कारखानदार, ज्याने कर बरोबर लावला होता. दुसरे असे की प्रोग्राम एकदा लिहिला जातो आणि प्रत्येक बिलावर चालतो. एका रकान्याची चुकीची समजूत त्या सॉफ्टवेअरच्या सगळ्या ग्राहकांकडे रोज छापली जाते. उलट दिशेने पाहिले तर पोर्टलवरचे एक वाक्य एकदाच लिहावे लागते आणि देशभरच्या अशा ऑफिसांत ते वाचले जाते. आत एका माणसाचा एक दिवस जाईल. बाहेर किती माणसांचे किती दिवस वाचतील याची मोजदाद करायला गणिताची गरज नाही.

आणि हे काम अशक्य आहे असेही नाही, कारण याच पोर्टलने ते एका ठिकाणी उत्तम करून दाखवले आहे. समजा बिल पाठवले आणि मध्येच नेट गेले. आयआरएन झाला की नाही, हे प्रोग्रामला कळत नाही. तो तेच बिल पुन्हा पाठवतो आणि 2150 क्रमांकाचा एरर येतो: हा आयआरएन आधीच झालेला आहे. पण पोर्टल एवढ्यावर थांबत नाही. त्या उत्तरासोबत आधीचा आयआरएन, त्याचा पोच क्रमांक आणि तारीख येते. म्हणजे नकाराच्या पोटातच पुढे जायला लागणारा धागा असतो. प्रोग्राम तो उचलतो, त्यावरून उरलेले तपशील मिळवून बिलावर छापतो, आणि काही बिघडले होते हे हिशेबनिसाला कळतसुद्धा नाही. ज्या कोणी हे ठरवले त्याने पलीकडच्या खुर्चीवर बसून विचार केला होता. माझी मागणी एवढीच आहे की 2150 ला मिळालेला विचार 2172 लाही मिळावा.

पूर्वपक्ष: चुकले तर बिल रद्द करण्याची सोय आहेच की.

उत्तरपक्ष: 24 तासांच्या आत. त्यानंतर पोर्टलवर ते रद्द होत नाही, क्रेडिट नोट काढावी लागते. आणि रद्द केलेल्या बिलाचा क्रमांक पुन्हा वापरता येत नाही. शनिवारी संध्याकाळी निघालेल्या बिलातली चूक सोमवारी सकाळी दिसली तर वेळ निघून गेलेली असते. 10 कोटींच्या वरच्यांना तर एप्रिल 2025 पासून 30 दिवसांपेक्षा जुने बिल नोंदवताच येत नाही. हे नियम कडक आहेत आणि ते तसेच असावेत, नाहीतर खोट्या बिलांना रान मोकळे मिळेल. पण प्रत्यक्षात चूक सुधारायला जितका कमी वेळ, तितकी सरावाची जागा चांगली हवी. सँडबॉक्समध्ये सगळे सुरळीत चालते हे पाहून फारसे काही कळत नाही. बिघडल्यावर आपला प्रोग्राम कसा वागतो ते पाहायचे असते. ब्रिटनच्या कर खात्याच्या सँडबॉक्समध्ये डेव्हलपर विनंतीसोबत एक खास हेडर पाठवून सांगू शकतो की मला अमुक एरर देऊन दाखवा. तशी सोय इथे केली तर सॉफ्टवेअरवाला बडोद्यात बसून उत्तर उशिरा येणे, तेच बिल दोनदा जाणे, टोकनची मुदत मध्येच संपणे या सगळ्या अडचणी ग्राहकाच्या खऱ्या बिलाला हात न लावता तपासून घेईल.

पूर्वपक्ष: तुम्ही दार जितके उघडाल तितके चोरही आत येतील. खोट्या बिलांवर क्रेडिट लाटणाऱ्यांच्या टोळ्या या देशात पकडल्या गेल्या आहेत. कोणता एरर का येतो हे बारकाईने सांगितले की नियमांच्या फटी शोधणे सोपे होते. सुरक्षेपुढे सोयीने मागे हटायला हवे.

उत्तरपक्ष: हा तुमचा सर्वांत भक्कम मुद्दा आहे आणि त्याचा काही भाग मी तसाच स्वीकारतो. लॉगिन होण्याआधीच्या एररने कमी बोलावे; युजरनेम चुकले की पासवर्ड, हे सांगू नये. ठरलेल्या भारतीय आयपी पत्त्यांवरूनच विनंती घेणे, टोकन 6 तासांनी संपणे, मजकूर एन्क्रिप्ट करून पाठवणे, यातले काहीही सैल करू नये. पण ओळख पटलेल्या करदात्याला त्याच्याच बिलातल्या, त्यानेच भरलेल्या दोन आकड्यांविषयी बोलले तर कोणते गुपित फुटते? नियम तर राजपत्रात छापलेले आहेत. खोटे बिल करणाऱ्याला पुरवठ्याचे ठिकाण समजावून सांगावे लागत नाही. त्याच्याकडे त्या कामाची जाणकार माणसे असतात. अपुऱ्या एररने नुकसान होते ते प्रामाणिक आणि अर्धवट माहिती असलेल्या माणसाचेच.

किंबहुना एन्क्रिप्शनचीच गोष्ट घ्या, कारण नवख्या डेव्हलपरची पहिली ठेच तिथेच असते. त्याने एक किल्ली तयार करायची, ती पोर्टलच्या सार्वजनिक किल्लीने बंद करून पाठवायची, उत्तरात आलेली सत्राची किल्ली आपल्या किल्लीने उघडायची आणि मग बिल एईएस या एन्क्रिप्शन पद्धतीने बंद करून धाडायचे. चार पायऱ्या, आणि कुठेही एक बाइट इकडे-तिकडे झाला की शेवटी फक्त नकार दिसतो. कोणत्या पायरीवर पाय घसरला ते कळत नाही. इथे सुरक्षाशास्त्राचीच रीत आपल्या मदतीला येते. एईएसचे अमेरिकी मानक 2001 मध्ये प्रसिद्ध झाले तेव्हा त्याच्या परिशिष्टात पूर्ण सोडवलेली उदाहरणे छापली होती: ही किल्ली, हा मजकूर, पहिल्या फेरीनंतर हे आकडे, दुसऱ्यानंतर हे, अखेरीस हे. जगभरच्या प्रोग्रामरांनी आपले उत्तर त्याच्याशी ताडून पाहिले. त्यामुळे एईएसचे कुलूप कमजोर झाले नाही. ते सगळीकडे सारखे आणि बिनचूक बसले. पोर्टलनेही खोट्या किल्लीचे एक संपूर्ण उदाहरण प्रत्येक पायरीच्या उत्तरासकट पानावर ठेवावे. नमुन्याचा कोड जावा किंवा डॉटनेटमध्ये असतो, आणि सॉफ्टवेअरवाला दुसऱ्याच भाषेत लिहीत असू शकतो. आकडे मात्र कुठल्याही भाषेत तेच राहतात.

पूर्वपक्ष: आता एकटे एनआयसीच नाही. चार खासगी पोर्टलांना मान्यता मिळाली आहे, जीएसपी (जीएसटी सुविधा पुरवठादार) आहेत. तुम्हाला हवी ती सोय बाजार देईल.

उत्तरपक्ष: काही प्रमाणात देतोच आहे, आणि त्यांतले एक, सिग्नेट, तर शेजारच्या अहमदाबादचेच. स्पर्धेने मदतीची भाषा सुधारते, फोन उचलला जातो, हे चांगले आहे. पण आराखडा, नियम आणि बदलांच्या तारखा सगळ्यांना एकाच उगमाकडून येतात. जून 2025 पासून बिल क्रमांकातली लहान-मोठी इंग्रजी अक्षरे एकच मानायचे ठरले, ते सगळ्या पोर्टलांना लागू झाले. असा बदल आधी जाहीर होतो हे ठीकच, पण त्याने कोणत्या प्रोग्रामला धक्का बसेल हे उगमानेच सांगितले तर पाच ठिकाणी पाच अर्थ निघत नाहीत. शिवाय मधल्या माणसाचे पैसे शेवटी त्या 6 कोटींच्या युनिटच्या खर्चात जमा होतात. सरकारने सक्तीचे केलेले काम समजून घेण्यासाठी त्याने वेगळे शुल्क भरावे, हे मला पटत नाही.

पूर्वपक्ष: एक शेवटचा आक्षेप, आणि तो कायद्याचा. पोर्टलने एररमध्ये समजावले, त्यावर विसंबून कोणी कर भरला आणि ते चुकीचे निघाले, तर तो माणूस न्यायालयात उभा राहून म्हणेल की सरकारनेच सांगितले होते. म्हणून सरकारी यंत्रणा कमी बोलते. ते आळसातून होत नाही.

उत्तरपक्ष: ही भीती खरी आहे, म्हणूनच वाक्य कसे लिहायचे याला महत्त्व आहे. 2172 चा आजचा आशय नीट पाहा: सीजीएसटी आणि एसजीएसटीच लागतात. सल्ला तर पोर्टल आजच देते आहे, आणि तोही अर्ध्या माहितीवर. मी सुचवतो त्या वाक्यात सल्ला नाहीच. पोर्टलने काय पाहिले आणि त्यावरून काय धरले, एवढेच त्यात आहे. तुमचे राज्य 24, पुरवठ्याचे ठिकाण 24, म्हणून व्यवहार राज्यांतर्गत धरला. यातला एकही शब्द न्यायालयात खोटा ठरणार नाही, आणि निर्णय करदात्याकडेच राहतो. जास्त सांगणे म्हणजे जास्त बांधून घेणे, असे इथे होत नाही.

पूर्वपक्ष: आणि तुमच्या या वाक्याने खरोखर फरक पडला, हे कळणार कसे? एकदा बदल केला की सगळेच म्हणतात सुधारणा झाली.

उत्तरपक्ष: त्यासाठी कुणाचे मत विचारायला नको, नोंदी पोर्टलकडेच आहेत. 2172 मिळाल्यानंतर काही मिनिटांत तेच बिल परत आले, खरेदीदाराचा जीएसटीआयएन दुसऱ्या राज्याचा आहे, पुरवठ्याचे ठिकाण जसेच्या तसे आणि आयजीएसटीच्या जागी मात्र सीजीएसटी-एसजीएसटी: अशी बिले बदलाच्या आधीच्या तीन महिन्यांत किती होती आणि नंतरच्या तीन महिन्यांत किती राहिली, ते काढावे. त्यांतली काही बिले खरोखरच राज्यांतर्गत असतील, पण ती दोन्ही वेळा साधारण सारखीच असणार. एकूण आकड्यात घट दिसली तर वाक्य ठेवावे, नाही दिसली तर दुसरे लिहून पाहावे. आणि तो आकडा दर तिमाहीला वेबसाइटवर टाकावा, म्हणजे अलकापुरीतल्या त्या ऑफिसलाही कळेल की आपण अडखळतो तिथे आणखी कितीजण अडखळत आहेत.